हरसिद्धिला मिळालेला 'हो'

वेरावळच्या खारवावाडात धनसुखला धनसुख म्हणून हाक मारणारा एकच माणूस, त्याचा थोरला भाऊ वेलजी तांडेल. बाकी अख्खं बंदर त्याला नन्ना म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, पाठीमागे म्हणायचं, आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी तर शिवी हासडून म्हणायचं. कारण कुठल्याही बोटीला बंदराबाहेर पडायचं तर मच्छीमार मंडळीच्या, म्हणजे सोसायटीच्या, खिडकीवरनं टोकन घ्यावं लागे, आणि ते द्यायचं की नाही हे धनसुखचा प्रोग्राम ठरवायचा. हिरव्या अक्षरांत दोनच उत्तरं. हो, नाहीतर ना. त्यात ना जरा जास्तच.

जन्माने खारवा, दर्यावर्दी जातीचा, पण दर्या त्याला मानवला नाही. बापाने पहिल्यांदा बोटीवर घेतलं तेव्हा बंदराचं तोंड ओलांडायच्या आत पोरगं आतडी पिळवटून ओकायला लागलं. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. खारव्याच्या पोराला बोट लागते म्हणजे लोहाराच्या पोराला आगीची भीती. बापाला धक्क्यावर मान वर करून चालायची सोय राहिली नाही. तेव्हा वेलजीनेच सांगून टाकलं, "बापू, ह्याला किनाऱ्यावर ठेवा. दर्याचं मी बघतो. ह्याच्या वाटचं पण मीच ओढतो."

आणि ओढलं. असा भाऊ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवा घेऊन शोधा, सापडला तर सांगा. स्वतः शाळा अर्ध्यात टाकली, ओल्या जाळ्याने तळहाताची सालं निघाली, पण धाकट्याला राजकोटला कॉम्प्युटर शिकायला धाडला. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे काय हे वेरावळात कुणाला माहीत? वेलजीलाही नव्हतं. तरी तो धक्क्यावर छाती फुगवून सांगायचा, "माझा भाऊ असलं मशीन शिकतोय की दिल्लीवाले येतील त्याला विचारायला!"

दिल्लीवाले काही आले नाहीत. धनसुखच परत आला, आणि आला त्याच मोसमात बापाची बोट बुडाली. पाण्याखालची एक फळी आतनं मऊ झाली होती. वरनं रंग लावलेला, म्हणून कुणी बोटाने दाबूनसुद्धा बघितली नव्हती. शांत दर्यात, कसलं वादळ नाही काही नाही, फळी सुटली आणि बोट दगडासारखी खाली गेली. बापू सापडला नाही.

पुढे मंडळीने पहिलं मशीन घेतलं आणि धनसुखने टोकनाचा प्रोग्राम लिहिला तेव्हा त्याने सगळ्यात आधी हाच नियम घातला. मिस्त्रीने बोटीचा तळ ठोकून, दाबून बघितला पाहिजे. बघितला नाही तर टोकन नाही. मग तो तांडेल असो, समाजाचा पटेल असो, की प्रत्यक्ष मंडळीचा प्रमुख असो. बाकीचे नियम पुढे येत गेले, लायसनचे, खलाशांचे, वायरलेसचे. सगळे त्याने कोबोल नावाच्या जुन्या भाषेत एकापुढे एक रचले. मिस्त्री बोट बांधतो ना, फळीला फळी घासून, तशी त्याची रचना.

ह्या प्रोग्रामच्या पोटात एक लहानशी जागा होती. धनसुख तिला पाटी म्हणायचा. मिस्त्रीने बोट पास केली असली की पाटीवर हो लिहिलं जायचं, नापास केली असली की ना. आणि बोट बघितलीच नसली की पाटी कोरी राहायची. कोरी पाटी म्हणजे सुद्धा ना. सरळ काम.

खिडकीवर बसायचा लीलाधर. पूर्वीचा खलाशी, एका हाताची बोटं दोरात गेली म्हणून किनाऱ्यावर आलेला. एका बोटीचं काम संपलं की तो प्रोग्राम पुरता बंद करायचा, टेबलावरची पितळी घंटी वाजवायचा, "चला, पुढची!" म्हणून बोंब मारायचा आणि प्रोग्राम नव्याने उघडायचा. धनसुखनेच सुरुवातीला तसं करायला सांगितलं होतं. का, ते लीलाधरने कधी विचारलं नाही, आणि सांगणारा स्वतःही विसरून गेला. घंटी तेवढी राहिली. धक्क्यावरच्या बायका ती ऐकून म्हणायच्या, "गेली एक बोट."

वर्षं अशी गेली. धनसुखचे केस पांढरे झाले. त्याच्या प्रोग्रामने तळ न बघितलेली एकही बोट बंदराबाहेर सोडली नाही. मग तांडेलांच्या हातात मोबाइल आले आणि रांगेत उभं राहायचा सगळ्यांना कंटाळा आला. समाजाचा पटेल तुलसीभाई, तोच मंडळीचाही प्रमुख, त्याने राजकोटहून निराली नावाची मुलगी बोलावली. वेबचं काम करणारी, चटपटीत, कानात कायम तारा घातलेली.

धनसुखला वाटलं, झालं. आता आपलं सगळं उपटून फेकणार आणि नवीन काहीतरी लावणार. पहिल्या दिवशी तो तिच्याशी चहापुरताही बोलला नाही. निराली त्याचा प्रोग्राम वाचत बसली. संध्याकाळी उठून आली आणि म्हणाली, "काका, हे मी नव्याने लिहिणार नाही."

"का? समजलं नाही?"

"समजलं म्हणूनच. एवढ्या वर्षांचं शहाणपण आहे ह्यात. मी लिहायला बसले तर निम्मं सांडेल. तुमचं आहे तसं ठेवू. मी फक्त त्याच्या पुढ्यात नवीन दार बसवते. तांडेल मोबाइलवरनं विचारेल, माझं दार तुमच्या प्रोग्रामला विचारेल, आणि तो सांगेल ते तांडेलला दाखवेल."

धनसुखने तिच्यासमोर गाठियाची पुडी सरकवली. त्या माणसाकडनं ह्याहून मोठं मानपत्र कुणाला मिळालं नव्हतं.

लीलाधर म्हणाला, "आणि माझी घंटी गं पोरी?"

"लीलाधरकाका, तुम्ही आता आराम करा. घंटी देवघरात ठेवा."

एक अडचण होती. जुना प्रोग्राम दर वेळी बंद करून उघडायचा म्हटलं की मोबाइलवर चक्र फिरत राहायचं. तांडेल लोक तोवर मोबाइलच दर्यात भिरकावतील, असं लीलाधरचं म्हणणं. निरालीने विचारलं, "काका, ह्याला जागाच ठेवला तर? झोपवायचा नाही. एक बोट झाली की लगेच दुसरी."

धनसुखने विचार केला. डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी खाजवल्यासारखं झालं त्याला. काय ते हाताला लागलं नाही. "ठेव," तो म्हणाला. "काय बिघडतंय."

मग दोघांनी बसून तपासलं. पास झालेली बोट, हो आला. नापास, ना आला. न बघितलेली बोट रोज सकाळी मशीन सुरू केल्या केल्या घालून बघायचे, कारण धनसुखला तिचीच जास्त काळजी. दर वेळी ना. धनसुख खूश झाला. आपण मेलो तरी आपला ना ह्या बंदरावर पहारा देत राहणार, असं त्याच्या मनात आलं. तो घरी जाऊन बायकोला तसं म्हणाला पण. तिने त्याला गप्प केलं. मोसमाच्या तोंडावर असलं बोलू नये.

नारळी पौर्णिमा झाली. पटेलने मुहूर्त काढला, दुसऱ्या दिवशी सकाळी अमृत चोघडियं, म्हणजे शुभ घटका, लागलं की बोटी सुटायच्या. खारवा चोघडियं चुकवत नाही. उद्वेग, काळ असल्या वाईट चोघडियांत बोटीची नाळ, म्हणजे तोंड, दर्याकडे वळवायची नाही, अमृत संपायच्या आत दोर सुटला पाहिजे.

वेलजीची बोट हरसिद्धि. तिची एक फळी ह्याच उन्हाळ्यात बदलली होती, पण करसन मिस्त्री तापाने खाटेला चिकटला आणि हरसिद्धिचा तळ बघायचा राहून गेला. आदल्या संध्याकाळी दोघं भाऊ वेलजीच्या ओट्यावर जेवायला बसले होते. कंकुभाभी रोटले थापत होती. दर्या तेल ओतल्यासारखा पडला होता, जरा हालचाल नाही. वेलजीच्या शेजारची म्हातारी दोनदा दारात येऊन दर्याकडे बघून गेली होती. तिला असला दर्या आवडत नाही.

"उद्या निघतो," वेलजी म्हणाला.

"मोटाभाई, करसनने बोट बघितली नाही अजून."

"करसन मेला तर काय मी वाळूत बोट घेऊन बसू? फळी मी स्वतः उभं राहून बसवून घेतलीय."

"कोडीनारचा मिस्त्री येतोय दोन दिवसांत. तोवर थांबा."

"दोन दिवस? सगळं बंदर निघालं आणि वेलजी तांडेल मागे राहिला? अरे, बायका बांगड्या आणून देतील मला!"

"मशीन ना म्हणेल."

वेलजी हसला. रोटल्याचा तुकडा मोडून त्याने धाकट्याच्या ताटात टाकला, लहानपणी टाकायचा तसा. "मशीन कुणाचं? तुझंच ना? तू सांगशील तेच म्हणेल ना ते?"

"अहो, भावजींना कशाला कोंडीत धरता?" कंकुभाभी चुलीकडनंच म्हणाली.

धनसुख गप्प बसला. ताटात बघत राहिला. ज्या माणसाच्या तळहातांवर आपण शिकलो त्याला तोंडावर आणखी एकदा ना म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याला वाटलं, आपण कशाला तोंड वाईट करा, सकाळी मशीनच सांगेल. आणि वेलजीने त्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. पाठीवर थाप मारून उठला. बापू गेला त्या दिवशीही दर्या असाच पडला होता, हे दोघांच्याही डोक्यात होतं. दोघांनीही ते तोंडातनं काढलं नाही.

सकाळी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोटींवर झेंडे, नाळेवर कुंकू, डिझेलचा वास. मंडळीच्या माडीवर धनसुख आणि निराली मशीनसमोर बसले होते. खाली खिडकी बंद होती, रांग नव्हती. धनसुखचे कान मात्र सारखे काहीतरी शोधत होते. मोसमाचा पहिला दिवस आणि काहीतरी कमी होतं. काय ते त्याला कळेना.

अमृत लागलं आणि सगळ्या तांडेलांनी एकदमच बटण दाबलं. धक्काभर कलकलाट उठला.

"आला रे, हो आला!"

"माझा पण!"

"नन्ना सुधारला म्हणायचा!"

वेलजीच्या शेजारी रामसागरचा तांडेल उभा होता. त्याला हो आला. त्याच्यामागोमाग वेलजीने दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग हिरवं झालं. हो.

वेलजीने मोबाइल सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "बघा! करसनची सही नाही, बिही नाही! माझ्या भावाचं मशीन मला ना म्हणेल काय? अरे, रक्त आहे ते!"

लोक हसले. काहींनी एकमेकांकडे बघितलं. वेलजीने माडीच्या खिडकीकडे बघून हात जोडले. धनसुखने वरनं बघितलं, त्याला वाटलं मोटाभाई आपल्या नव्या मशीनचं कौतुक करतोय. त्यानेही हात हलवला. खाली उभ्या असलेल्या माणसांनी तो हात बघितला.

हरसिद्धिवर नारळ फुटला. सहा खलाशी चढले. बोट सगळ्यांच्या मध्ये घुसून, सगळ्यांच्या पुढे, बंदराच्या तोंडातनं बाहेर गेली. वेलजीच्या हाताखालची बोट मागे राहील होय?

बंदर रिकामं झालं. चहाचे पेले विसळायचा आवाज तेवढा उरला. तेवढ्यात करसन मिस्त्री काठी टेकत आला, घोंगडी पांघरलेला, डोळे आत गेलेले. "हरसिद्धि कुठाय? ताप जरा उतरला, म्हटलं वेलजीभाईंचा खोळंबा नको. आज बघून टाकतो."

"ती गेली," लीलाधर म्हणाला.

"कशी गेली? मी बघितलीच नाही. अहो, ती नवी फळी अजून ओली होती. मी त्यांना सांगितलं होतं, ओल्या लाकडाला राळ धरत नाही, सुकू दे."

धनसुख जिना उतरता उतरता थांबला. परत वर धावला. मशीनवर हरसिद्धिचं नाव काढलं. समोर टोकन. हो.

निराली त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा बदलला. "काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हाताने तर नाही ना केलंत?"

धनसुख तिला एवढंच म्हणाला, "एखादी न बघितलेली बोट घाल."

वाळूवर पालथी पडलेली एक बोट होती, निरालीने रोजच्या तपासणीसारखा प्रोग्राम नव्याने सुरू करून तिचं नाव घातलं. ना.

"बघा, बरोबर आहे," ती म्हणाली.

"आता पास झालेली घाल. मग लगेच ती वाळूवरची परत."

तिने रामसागर घातली. हो. मग वाळूवरची पालथी बोट.

हो.

खोलीत पंखा फिरत होता. धनसुखला एकदम कळलं सकाळपासून काय कमी होतं ते. घंटी. लीलाधर प्रत्येक बोटीनंतर प्रोग्राम बंद करायचा, आणि बंद झाला की पाटी पुसली जायची. आता प्रोग्राम जागाच होता. न बघितलेल्या बोटीसाठी तो पाटीवर काही लिहायचा नाही, आणि आधीच्या बोटीचं लिहिलेलं तसंच राहायचं. रामसागरचा हो हरसिद्धिच्या हातात पडला होता.

"मी तुला सांगायला पाहिजे होतं," धनसुख म्हणाला.

"मी विचारायला पाहिजे होतं," निराली म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

त्याने वायरलेसचा माइक उचलला. तोवर तुलसीभाई पटेल वर आला होता. त्याने धनसुखचं मनगट धरलं. "नारळ फोडून गेलेल्या बोटीला मागनं हाक? शुद्धीवर आहेस का? आजच्या दिवशी? सगळा ताफा ऐकतोय वायरलेसवर."

"पटेल, हात सोडा."

"आणि सांगणार काय? भावाला टोकन दिलं, आता परत घेतो?"

धनसुखने मनगट सोडवून घेतलं. "हरसिद्धि, हरसिद्धि. मंडळीतनं धनसुख बोलतोय. मोटाभाई, परत फिरा. टोकन चुकीचं आहे. फळी ओली आहे. परत फिरा."

खरखर झाली. मग वेलजीचा आवाज, मागे इंजिनाची धडधड, आणि आवाजात हसू. "ऐकलं रे बाबा, ऐकलं. चार लोकांना ऐकवायचं होतं ते ऐकवून झालं ना? आता चहा पी जा."

"मोटाभाई, मी दिलं नाही ते! ऐका!"

"मी कुठं म्हणतो तू दिलंस?" वेलजी म्हणाला. ताफ्यातल्या कुणीतरी मध्येच हसून घेतलं. मग खट्ट. त्याने वायरलेस बंद केला.

पटेल धनसुखकडे बघत उभा होता. त्याच्या नजरेनेच सगळं म्हणून झालं.

एकच आशा होती. पहिल्या दिवशी बोटी सिकोतर मातेच्या देवळासमोर दर्यात थांबतात, स्टोव्हवर लापशी शिजवतात, मातेला दाखवतात आणि मगच खोल पाण्याकडे तोंड करतात. लापशी उतरायच्या आत गाठलं तर गाठलं.

"लीलाधर, पिलाणी काढ तुझ्या मेहुण्याची."

"कोण जाणार?"

"मी."

लीलाधर त्याच्याकडे बघतच राहिला. "नन्ना, तू? बंदराच्या तोंडापर्यंत तरी टिकशील का?"

"तू चालव. मी ओकेन."

पिलाणी म्हणजे मागे मोटर लावलेली छोटी होडी. बंदराच्या तोंडाशी पहिली लाट लागली आणि धनसुखच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. मग काहीच उरलं नाही, तरी पोट पिळत राहिलं. लीलाधर बोलत होता, त्याला धीर द्यायला शिव्या घालत होता, ते कानावर येत नव्हतं. सकाळचा तेलासारखा दर्या आता खालनं उचलला जायला लागला होता. वारा नव्हता. लांब, गुळगुळीत लाटा कुठल्यातरी दुसऱ्या वादळाचं ओझं घेऊन येत होत्या, पावसाचा ठिपूस नाही, आभाळ स्वच्छ. धनसुखने डोळे मिटले की बापूची बोट दिसायची, उघडले की पाणी.

बऱ्याच बोटी पुढे निघून गेल्या होत्या. हरसिद्धि देवळासमोर होती. तिच्यावरनं तुपाचा वास येत होता. खलाशी हातात वाट्या घेऊन बसले होते. आणि बोट पाण्यात खाली बसली होती, जराशीच, पण लीलाधरच्या डोळ्याला ते लगेच दिसलं. "पाणी पितेय," तो पुटपुटला.

वेलजी सुकाणूजवळनं पुढे आला. होडीत कोण आहे ते त्याला आधी ओळखू येईना. ओळखल्यावर हातातली वाटी खाली आली. लहानपणानंतर त्याने धाकट्याला दर्यावर कधी बघितलं नव्हतं.

"तू? इथं?"

धनसुखला तोंड उघडता येत नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी होडीची कड धरली होती. "तो हो," कसाबसा म्हणाला, "तो हो तुमचा नव्हता, मोटाभाई. रामसागरचा होता. तुमच्या हातात चुकून पडला."

वेलजीला मशीनमधलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याला समोरचा चेहरा कळला. पांढराफटक, ओठ फाटलेले, अंगरख्यावर घाण. हा माणूस लोकांना दाखवायला इथवर येणार नाही. त्याने वळून एका खलाशाला ओरडून तळाचं झाकण उचलायला लावलं. खाली काळं पाणी डोलत होतं. बर्फाच्या पेट्या त्यात तरंगून एकमेकींवर आपटत होत्या. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

"पंप लावा!" वेलजी गरजला. "नाळ वळवा! वळवा!"

परतीला दोन्ही पंप चालू होते आणि तरी पाणी चढत होतं. पिलाणी बाजूने चालली होती. वायरलेसवर आता वेलजीच बोलत होता, मंडळीला सांगत होता की होड्या तयार ठेवा. खलाशी डबे घेऊन उपसत होते. कुणी गात नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. धनसुख होडीत आडवा पडून हरसिद्धिच्या बाजूकडे बघत होता. पाण्याची रेघ फळीफळीने वर सरकत होती.

बंदराच्या तोंडाशी त्या लांब लाटा भिंतीवर आपटून उलट्या फिरत होत्या. दोन बाजूंनी मार बसला. लाकूड मोडल्याचा आवाज आला नाही. नुसता सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला, आणि हरसिद्धि एका कुशीवर कलली.

"उड्या टाका!"

खलाशी पडले पाण्यात. धक्क्यावरनं सुटलेल्या होड्यांनी एकेकाला ओढून घेतलं. वेलजी सुकाणू सोडेना. पाणी कमरेला लागलं तरी सोडेना. पिलाणी अगदी कडेला लागली तेव्हा धनसुखने, ज्याला पोहताही धड येत नव्हतं, होडीतनं अर्धा बाहेर लोंबकळून थोरल्याच्या केसांत हात घातला.

"सोडा, मोटाभाई."

"माझी बोट..."

"सोडा म्हणतो ना! ना म्हणतोय मी तुम्हाला, ना!"

वेलजीने हात सोडले.

सगळे वाचले. हरसिद्धि खाली गेली, पण तिथे पाणी उथळ, म्हणून डोलकाठीचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिला, झेंड्यासकट.

दुसऱ्या दिवशी समाजाची बैठक बसली. वेलजी सगळ्यांसमोर उभा राहिला. "माझ्या भावाने मला काही दिलं नाही. त्याने वायरलेसवर सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं. आणि खारव्यांच्या सात पिढ्यांत दुसरा कुणी दाखवा, जो ओकत ओकत दर्यात जाऊन तांडेलला परत घेऊन आला!" माना हलल्या. निरालीने पाटीचं सगळं समजावून सांगितलं. त्यालाही माना हलल्या. मागच्या ओळीतनं कुणीतरी म्हणालं, "सगळं खरं. पण सकाळी खिडकीतनं हात हलवला होता ना?" तुलसीभाई पटेलने मागे वळून बघितलं, आणि बैठक उठली.

धनसुखने प्रोग्राममध्ये एकच ओळ वाढवली. आधी पाटी पूस, मग बोट विचार. निरालीने दारात एक आवाज बसवला. आता मोबाइलवर उत्तर यायच्या आधी लीलाधरची पितळी घंटी वाजते, त्याचीच खरी घंटी आणून आवाज भरून घेतलेला. तिने सगळं पुन्हा तपासलं, ह्या खेपेला उलटसुलट, भरगर्दीत, हज्जार प्रकारांनी. चूक उरली नाही.

डोलकाठी काढायला कुणी तयार नाही. मातेने ठेवलीय, असं म्हणतात. झेंड्याचा रंग उडाला, कापड राहिलं. ओहोटीला ती जरा जास्त वर येते. बाहेर जाणारी प्रत्येक बोट तिच्या बाजूने जाते, आणि मंडळीच्या माडीतल्या खिडकीतनं, धनसुखच्या खुर्चीतनं, ती सरळ समोर दिसते.

आता धक्क्यावर मोबाइलमध्ये घंटी वाजते, हिरवा हो येतो, आणि तांडेल लगेच दोर सोडत नाही. आधी डोलकाठीकडे बघतो. मग वर खिडकीकडे बघून हाक मारतो. नन्ना म्हणत नाही आता कुणी.

"धनसुखभाई, हा हो माझाच ना?"

आणि धनसुख उठतो, मशीनवर ते नाव परत एकदा काढतो, आणि उत्तर देण्याआधी वाकून बघतो, पाटी खरंच पुसलेली आहे ना.